पुढचा आंकडा कोणाचा ?

यादी करणें हें लेखनाच्या सर्व प्रकारांत अत्यंत हलकें काम होय, अशी सामान्य समजूत आहे. निबंध लिहिणारास विचार लागतो, पत्र लिहिणारास निदान थोडा भाव तरी लागतो. पण वाण्याकडून आणावयाच्या जिनसांची यादी करणारास घरांत काय संपलें आहे एवढें ठाऊक असलें म्हणजे पुरे. या समजुतीमुळेंच कीं काय, यादी करणाराच्या नीतिअनीतीचा विचार कोणी गंभीरपणें केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. तो विचार आम्ही येथें करणार आहों, आणि त्यास निमित्त एका क्षुल्लक यांत्रिक सोयीचें झालें आहे. तेव्हां वाचकांनीं प्रथम तिचें वर्णन थोड्या धीरानें ऐकून घ्यावें, अशी विनंति आहे.

संगणकावर नुसता मजकूर लिहिण्याचीं जीं साधनें आहेत त्यांस टेक्स्ट एडिटर म्हणतात. छपाईच्या नटव्या थाटाशीं त्यांचा संबंध नाहीं. अक्षरें, रिकाम्या जागा आणि ओळी एवढाच त्यांचा संसार. त्यांपैकीं 'व्हिम' नांवाचा एडिटर आम्ही पुष्कळ वर्षें वापरीत आलों आहों. त्याचा पूर्वज 'व्हीआय' हा बिल जॉय यांनीं १९७६ सालीं अमेरिकेंत बर्कली येथें रचिला. व्हिम हा नेदर्लंड्समधील ब्राम मोलेनार यांनीं १९९१ सालीं लोकांपुढें ठेविला, आणि २०२३ सालीं मृत्यु येईपर्यंत त्याची निगाही त्यांनींच राखिली. तो फुकट मिळतो. ज्यास कांहीं द्यावेंसें वाटेल त्यानें तें युगांडांतील अनाथ मुलांच्या साह्यार्थ द्यावें, एवढीच कर्त्याची मागणी असे. अशा साधनांचा एक गुण असा कीं, त्यांस नव्या संवयी लावतां येतात. दहाबारा ओळींचा एक आज्ञालेख—त्यास स्क्रिप्ट म्हणतात—लिहून ठेविला, कीं अमुक कळ दाबली असतां अमुक करावें हें तें साधन निमूटपणें शिकतें, आणि एकदां शिकलेलें विसरत नाहीं.

आम्हीं त्यास यादी आपोआप पुढें चालविण्यास शिकविलें. लिहिणारानें ओळ संपवून एंटरची कळ दाबली, कीं यंत्रानें त्या ओळीच्या आरंभाकडे पाहावें; तेथें समासापासून कांहीं जागा सोडून '३.' असा आंकडा असेल, तर नव्या ओळींत तितकीच जागा सोडून '४.' मांडावा, आडवी रेघ असेल तर आडवी रेघ मांडावी, कांहींच नसेल तर स्वस्थ बसावें. आणि मांडलेल्या आंकड्यापुढें कांहींएक न लिहितां लिहिणारानें पुन्हा एंटर दाबलें, तर यादी संपली असें समजून तो पोरका आंकडा पुसून टाकावा. कचेऱ्यांत सर्रास चालणाऱ्या 'वर्ड'मध्यें ही सोय आयती मिळते. आमच्या एडिटरांत आंकड्यांपुरती ती आपली आपण करावी लागते, आणि स्वहस्तें केलेल्या गोष्टीचा जो अभिमान वाटावयाचा तो आम्हांस कांहीं दिवस पुरेपूर वाटला.

पहिली अडचण आली ती मराठीची. 'अंक' या अर्थानें व्हिमला जी खूण सांगतात ती केवळ इंग्रजी लेखनांत चालणारे अंक ओळखते. देवनागरींतला '३' तिच्या लेखीं अंकच नव्हे. तेव्हां शून्यापासून नवापर्यंतचीं आमचीं चिन्हें तीस निराळीं सांगावीं लागलीं, बेरजेपुरतें त्यांस परक्या वेषांत न्यावें लागलें, आणि बेरीज होतांच पुन्हा घरीं आणावें लागलें. हें साधलें. अक्षरांच्या यादींत मात्र मौज झाली. 'अ' नंतर काय ? यंत्रास विचारावें तर तें युनिकोडच्या कोष्टकांतील पुढचें घर दाखवितें, म्हणजे 'आ'. आणि 'ब' नंतर 'भ'. वर्णमालेच्या दृष्टीनें यांत चूक कांहींच नाहीं. पण आमच्या शाळांच्या प्रश्नपत्रिका, सरकारी परिपत्रकें आणि गृहसंस्थांच्या इमारतींवरील पाट्या पाहाव्या, तर 'अ' नंतर 'ब', 'ब' नंतर 'क' आणि 'क' नंतर 'ड' ! हा क्रम पाणिनीचा नव्हे, बाराखडीचाही नव्हे. इंग्रजी मुळाक्षरांचा क्रमच मराठी पागोटें घालून आमच्यांत येऊन बसला आहे, आणि तो इतका सरावाचा झाला आहे कीं त्याचें नवल कोणास वाटत नाहीं.

मौजेची गोष्ट खरी, पण तींत एक गंभीर मुद्दा दडलेला आहे. 'पुढचें' म्हणजे कोणतें, हें मागच्या वस्तूंत लिहिलेलें नसतें. विटगेनस्टाइन या तत्त्ववेत्त्याच्या १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत एक विद्यार्थी आहे. त्यास दोनदोन मिळवीत जाण्यास सांगितलें असतां तो हजारापर्यंत सरळ जातो, आणि तेथून एकदम एक हजार चार असें लिहितो. आणि 'आपण पूर्वीप्रमाणेंच करीत आहों' असें त्यास मनापासून वाटत असतें. त्याची चूक दाखविणें दिसतें तितकें सोपें नाहीं. यंत्रास 'पुढें चाल' एवढें सांगून भागत नाहीं. कोठल्या वाटेनें पुढें, हें आधीं कोणी तरी ठरविलेलें असावें लागतें, आणि एकदां तें ठरविलें म्हणजे ठरविणारा स्वतःच तें विसरून जातो. आमच्या बाबतींत तसेंच झालें. आम्हीं ठरविलें होतें तें एवढेंच कीं, तिहींच्या पुढें चार येतात. परंतु त्याबरोबरच, चौथें कलम आहेच, असेंही आम्ही नकळत ठरवून बसलों होतों.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती सांगण्यांत आम्हांस मोठेपणा नाहीं. एका लहानशा वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचे आम्ही त्या वेळीं चिटणीस होतों. तेथील एका कारकुनाची नेमणूक वर्षावर्षाची असे, आणि ती पुढें चालवावी कीं नाहीं याचा विचार सभेपुढें यावयाचा होता. त्याच्याविषयीं कांहीं कुरबूर होती. चिटणिसानें ती लेखी मांडावी असें ठरलें. आम्ही रात्रीं लिहावयास बसलों. पहिलें कलम, तो वारंवार उशिरां येतो. दुसरें, परत आलेल्या पुस्तकांची नोंद त्याच्या हातून दोन वेळां राहिली. तिसरें, एका वयोवृद्ध वर्गणीदाराशीं तो तुटकपणें बोलला. या तिन्ही गोष्टी आमच्या माहितीच्या होत्या, आणि त्यापलीकडे आमच्याजवळ कांहीं नव्हतें. तिसरें वाक्य संपवून आम्हीं संवयीनें एंटर दाबलें. लगेच '४.' असा आंकडा उभा राहिला, आणि त्याच्या शेजारीं ती बारीक खूण लुकलुकूं लागली.

आम्हीं लिहिलें, "एकंदर वृत्ति बेफिकीर आहे."

सभेंत त्या कारकुनास बोलावण्यांत आलें. उशिराविषयीं त्यानें घरांतल्या आजारपणाची हकीकत सांगितली, ती खरी होती. नोंदीविषयीं त्यानें रजिस्टर दाखविलें. त्या दोन दिवशीं तो रजेवर होता, आणि त्याच्या जागीं दुसराच मनुष्य बसला होता. वयोवृद्ध गृहस्थ त्याच सभेंत हजर होते, ते म्हणाले, "मला कांहीं आठवत नाहीं, सोडून द्या." राहिलें चौथें. त्यावर तो काय उत्तर देणार ? वृत्ति बेफिकीर नाहीं, हें कोणत्या रजिस्टरांत दाखवितां येतें ? तो थोडा वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "साहेब, तसें कांहीं नाहीं." मंडळानें त्याची नेमणूक पुढें चालविली नाहीं.

या प्रसंगाची टोंचणी आम्हांस बरेच दिवस लागून राहिली, आणि तिच्यापासून सुटण्यासाठीं मनानें जो पहिला मार्ग काढिला तो सर्वांच्या परिचयाचा आहे : दोष यंत्राचा. पण हा बचाव क्षणभरही टिकत नाहीं. आंकडा यंत्रानें मांडला, वाक्य आम्हीं लिहिलें. शिवाय आंकडा मांडण्याची आज्ञाही आमचीच. त्या स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीवर आमच्या बोटांचे ठसे आहेत. एका स्नेह्यांस आम्हीं ही हकीकत सांगितली तेव्हां त्यांनीं याच्याही पुढें जाऊन विचारलें, "अहो, पुन्हा एकदां एंटर दाबलें असतें तर तो आंकडा गेला असता ना ? मग तुमचें स्वातंत्र्य हिरावलें कोणी ?"

प्रश्न बिनतोड दिसतो, आणि त्याचें उत्तर शोधण्यांत आम्हीं पुष्कळ वेळ घालविला. तें शेवटीं सांपडलें तें आमच्या पंगतींत. पूर्वींच्या जेवणावळी ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस आग्रहाचें वाढप ठाऊक असेलच. वाढणारा जिलबीचें ताट घेऊन समोर उभा राहतो. जेवणारानें कांहीं बोलावयाच्या आंतच एक जिलबी पानावर पडते. ती नको असल्यास पानावर आडवा हात धरावा लागतो, कधीं कधीं पानावर अक्षरशः ओणवें व्हावें लागतें. आतां, हात आडवा धरण्यास कोणी बंदी केलेली नसते. जेवणाराचें स्वातंत्र्य शाबूत असतें. तरीही पंगतींतून उठणारा प्रत्येक मनुष्य आपल्या भुकेपेक्षां एखादी जिलबी अधिक खाऊन उठतो, हेंही तितकेंच खरें. याचें कारण उघड आहे. जेथें घेण्यास कांहींच करावें लागत नाहीं आणि नको म्हणण्यास मात्र कांहीं तरी करावें लागतें, तेथें दोन्ही वाटा मोकळ्या असूनही एकीस उतार आणि दुसरीस चढ असतो. आमच्या स्क्रिप्टनें थांबण्यास चढ लाविला होता. कागदावर लिहितांना उलट स्थिति असते. तिसरें कलम संपलें, हात उचलला गेला, कीं यादी आपोआपच संपलेली असते. चौथा आंकडा घालावयाचा तर त्यासाठीं हात पुन्हा खालीं आणावा लागतो, आणि त्या एवढ्याशा प्रवासांत 'आहे का कांहीं?' हा प्रश्न मनास विचारून होतो. तो प्रश्न आम्हीं स्वहस्तें काढून टाकिला होता.

येथें संवयीचे कैवारी पुढें येतील, आणि त्यांचें म्हणणें वजनदार आहे. विल्यम जेम्स यांनीं १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत असें प्रतिपादिलें आहे कीं, नित्याचे बारीकसारीक व्यवहार जितके संवयीच्या हवालीं करावे तितकें मन वरच्या दर्जाच्या कामास मोकळें राहतें. ज्या मनुष्यास प्रत्येक लहान गोष्ट ठरवावी लागते त्याच्याइतका दीन कोणी नाहीं. व्हाइटहेड यांनीं १९११ सालीं गणितावरील आपल्या छोट्या पुस्तकांत हाच विचार अधिक धीटपणें मांडला : विचार न करतां उरकतां येणाऱ्या क्रिया जसजशा वाढतात तसतशी संस्कृति पुढें सरकते. आम्हांस हें मान्य आहे. आंकडे मोजण्यांत कांहीं पुण्य आहे असें आम्ही मानीत नाहीं. मधलें एक कलम गाळलें असतां खालचे सगळे आंकडे खोडून पुन्हा घालणें हें काम कोणाही सुशिक्षित मनुष्याच्या आयुष्याची नासाडी करणारें आहे. 'मार्कडाउन' म्हणून यादी लिहिण्याची जी पद्धति जॉन ग्रूबर यांनीं २००४ सालीं काढिली, तींत तर लिहिणारानें प्रत्येक ओळीस '१.' असाच आंकडा घातला तरी चालतो. छापतांना यंत्र १, २, ३ असे क्रम स्वतः लावून घेतें. ही व्यवस्था आम्हांस फार समंजस वाटते. तींत मोजणें यंत्राकडे आणि कलम आहे किंवा नाहीं हें सांगणें मनुष्याकडे, अशी वांटणी स्वच्छ राहिली आहे. जेम्स आणि व्हाइटहेड ज्या क्रिया संवयीवर सोंपवा म्हणतात त्या पहिल्या जातीच्या आहेत. आमचा गुन्हा असा कीं, आम्हीं दोन भिन्न जातींचीं कामें एकाच कळीस बांधलीं, आणि पहिल्याचा निर्दोषपणा पाहून दुसऱ्याकडे लक्ष दिलें नाहीं.

मागची गोष्ट पुढें चालविणें हें मूळचें आमच्या शास्त्रकारांच्या चांगल्या परिचयाचें आहे. पाणिनीचीं सुमारे चार हजार सूत्रें इतकीं आटोपशीर झालीं याचें एक मोठें कारण अनुवृत्ति होय. वरच्या सूत्रांतील पद खालच्या सूत्रांत पुन्हा न लिहितां चालत येतें. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीं प्रत्ययाचा अधिकार एकदां सांगितला, कीं पांचव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत तो गृहीतच धरावयाचा. आणि नवल असें कीं, या सोयीचीही अडचण तीच : ती थांबते कोठें ? अधिकाराची खूण स्वरितानें करावी असें पाणिनीनें सांगून ठेविलें आहे. पण ते स्वर आजच्या पाठांत उरलेले नाहींत, म्हणून अमुक पद येथें निवृत्त झालें कीं अजून चालत आहे, याचा निर्णय व्याख्यानावरून करावा लागतो. पतंजलीपासून पुढच्या वैयाकरणांनीं या थांबण्याच्या प्रश्नावर जी बुद्धि खर्चिली ती पाहिली म्हणजे चालू ठेवण्यापेक्षां थांबविणें अवघड, हें आमचें गाऱ्हाणें नवें नाहीं अशी खात्री पटते. मात्र एक भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पाणिनीची अनुवृत्ति जें एकदां सांगितलें तेंच पुढें नेते. सूत्र लिहिलेलें असेल तरच तिला त्यांत शिरतां येतें. पुढें सूत्र नसतांना 'आतां एक सूत्र रचा' असा तगादा ती लावीत नाहीं.

आंकड्याविषयीं इतकें बोललों, पण समासाविषयींही दोन शब्द बोलले पाहिजेत. कारण तेथील लबाडी अधिक सूक्ष्म आहे. नवी ओळ मागच्या ओळीइतकीच आंत सरकवून देण्याची रीत व्हीआयपासून चालत आलेली आहे, व प्रोग्राम लिहिणारांस ती अतिशय उपयोगी पडते. परंतु विचारांच्या यादींत ओळ किती आंत आहे यावर तिचा दर्जा ठरतो. समासाजवळचें तें मुख्य, आंतलें तें त्याच्या पोटांतलें. यंत्र जेव्हां नवी ओळ जुनीच्या बरोबरीनें मांडतें, तेव्हां पुढचा विचार मागच्याचा सख्खा भाऊ असणार, असें तें आधींच जाहीर करून बसतें. वस्तुतः तो त्याचा पुत्र असेल, त्यावरील आक्षेप असेल, किंवा परका वाटसरू असेल. आमच्या त्या चार कलमांकडे पुन्हा पाहा. पहिलीं तीन हीं घडलेल्या गोष्टी. चौथें हें त्या गोष्टींवरून काढलेलें अनुमान, आणि तेंही घाईचें. कागदावर तें फार तर खालीं, एका बाजूस, 'यावरून असें वाटतें कीं' अशा भित्र्या शब्दांनीं आलें असतें, आणि तीन गोष्टी खोट्या ठरतांच त्यांच्याबरोबर कोसळलें असतें. एकाच ओळींत उभें केल्यामुळें त्यास तिघांची इभ्रत मिळाली, आणि तिघेही पडल्यावर तें एकटें आपल्या पायांवर उभें राहिलें. न्यायाच्या भाषेंत बोलावयाचें तर हेतु नाहींसे झाले आणि साध्य मात्र शिल्लक राहिलें. सभेंतल्या कोणाच्याही हें ध्यानांत आलें नाहीं. आणि ज्याच्या यावयास पाहिजे होतें तो चिटणीस इतिवृत्त लिहिण्यांत गुंतला होता.

आणखी एक विचार मनांत येतो, तो लिहून ठेवितों. मनुष्य संकल्प करितो तेव्हांही आजचा मनुष्य उद्यांच्या मनुष्यास बांधीतच असतो. मग स्क्रिप्ट लिहिणाराचाच काय दोष? आमच्या मतें फरक असा कीं, संकल्प पाळतांना तो दर वेळीं आठवावा लागतो. एकादशीचा उपास करणारास ताट समोर आलें म्हणजे आपण कां जेवत नाहीं हें स्मरतें, आणि तसाच प्रसंग पडला तर तो उपास मोडतांही येतो. स्क्रिप्टचें सारें सुख तिची आठवण राहत नाहीं यांत आहे.

तर मग काय करावें ? सर्व सोयी टाकून बोरूकडे परत जावें, असें सांगणारांपैकीं आम्ही नाहीं. बोरूनें लिहिलेल्या खोट्या फिर्यादींनीं दप्तरखान्यांचे दप्तरखाने भरलेले असतील. आम्हीं आमची स्क्रिप्ट उघडली आणि बदलली. बदल करतांना एक गोष्ट कळली ती येथें नमूद करण्यासारखी आहे. व्हिमच्या मूळच्या व्यवस्थेंत आडव्या रेघेनें आरंभ होणाऱ्या कलमासाठीं एक बारीक खूण ठेविलेली आहे, आणि तिचा अर्थ असा कीं, रेघ पहिल्या ओळीसच असावी. खालच्या ओळी नुसत्या तिच्याखालीं आंत सरकून याव्या. म्हणजे कर्त्याचें गृहीतक असें कीं, एंटर दाबणाराचें तेंच बोलणें बहुधा अजून संपलेलें नाहीं. ती खूण काढून टाकल्यावांचून पुढची रेघ आपोआप येत नाहीं, आणि आम्हीं पहिल्याच दिवशीं ती एखादा केर काढून टाकावा तशी काढून टाकिली होती. दुसरीकडे 'ऑर्ग' म्हणून जी व्यवस्था अॅमस्टरडॅम येथें काम करणारे खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनीं २००३ सालीं इमॅक्स या एडिटरासाठीं रचिली, तींत नुसत्या एंटरनें नवी ओळ येते, नवें कलम येत नाहीं. नवें कलम हवें असल्यास दुसरी एक कळ जोडीनें दाबावी लागते. आम्हीं हीच रीत उचलली. एंटर दाबलें कीं आमचें यंत्र आतां स्वस्थ बसतें. पुढचा आंकडा हवा असेल तर तो मागावा लागतो. मागितला कीं मात्र तें बिनचूक मोजून देतें, देवनागरींत देतें, आणि 'ब' नंतर 'क' देतें. पहिल्या आठवड्यांत याचा फार त्रास झाला. वाण्याच्या यादीस तर हें शुद्ध जाच आहे, आणि घरांतल्या मंडळींनीं त्यावर जो अभिप्राय दिला तो येथें देण्याचें कारण नाहीं.

त्या कारकुनाविषयीं : पुढील महिन्याच्या सभेंत आम्हीं तें चौथें कलम मागें घेत असल्याचें लिहून दिलें, आणि तें कोणत्याही माहितीवर आधारलेलें नव्हतें असेंही लिहिलें. सभासदांनीं ऐकून घेतलें. एकानें विचारलें कीं, आतां त्याचा उपयोग काय. कारण तो मनुष्य तोंवर बिऱ्हाड हालवून दुसऱ्या गांवीं गेला होता, आणि त्याच्या जागीं दुसरा नेमलाही गेला होता. शेवटीं, इतिवृत्तांत नोंद करावी असें ठरलें. इतिवृत्त लिहावयाचें तें आम्हींच. त्या दिवशींच्या कामकाजांत पांच विषय छापील होते, त्यांच्याखालीं '६.' हा आंकडा आम्हीं हातानें घातला, आणि त्यापुढें त्या कारकुनाचें नांव लिहिलें.